उघडी डिस्क

दर वाढदिवसानंतर ताई लेकीचं शूटिंग घेऊन दुकानात यायच्या आणि मी ते त्याच डीव्हीडीत मागच्याला जोडून द्यायचो. डिस्क फायनलाइज केल्याशिवाय माझ्या मशीनखेरीज कुठेच चालत नाही, आणि एकदा केली की तिच्यात नवीन काही भरता येत नाही. म्हणून मायलेकी इथेच बघायच्या, पोरगी स्टुलावर, ताई काउंटरला टेकून. "राहू दे उघडीच, अजून वाढतेय कार्टी," ताई म्हणायच्या.

आज त्या एकट्याच आल्या, रिकाम्या हाताने.

"काय, बाईसाहेब कॅमेऱ्याला लाजायला लागल्या वाटतं?"

"फायनलाइज करून द्या, दादा. घरी बघायचीय."

"अहो, अर्ध्याहून जास्त रिकामी आहे. पुढच्या वर्षीचं कुठे घालणार?"

त्या स्टुलाकडे बघत राहिल्या. डिस्क मशीनमध्ये सरकवून मी आपलं कामाचं तेवढं विचारलं, "सुरुवातीला मेनू ठेवू? सगळे वाढदिवस समोर दिसतात, हवा तो लावता येतो."

"मेनू नको," ताई म्हणाल्या. "सगळे एकाच बैठकीत बघून होतात."