पोपटरावांचं वाईन मंडळ

“लाल वाईन मासवडीबरोबर घ्यायची. घोट तोंडात फिरवायचा, मग गिळायचा,” हौसराव सांगत होते. रेल्वेच्या पँट्री कारमध्ये तीस वर्षं स्वयंपाक करून ते दौंडला निवृत्त झाले होते. समोर पोपटरावांच्या पडवीत चाळीस बायका पदराआड हसत होत्या. कुणी वाईन नुसती ओठाला लावत होतं, कुणी गुपचूप जास्वंदीच्या मुळाशी ओतत होतं. मासवडी मात्र एकीनंही टाकली नाही.

वाईन व खाद्य रसिक मंडळ! शिरूर तालुक्यात निमोण्याच्या अलीकडच्या त्या गावात असलं काही निघेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यातून ते पोपटरावांसारख्या देशी दारूच्या दुकानवाल्यानं काढावं म्हणजे कमालच.

कारण मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. दुकान बंद व्हावं म्हणून गावातल्या पार्वतीबाईंनी अर्ज करून बायकांचं मतदान मागितलं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकानाला कुलूप. तीन वर्षांपूर्वी ते जमलं नव्हतं, कारण नवऱ्यांनी बायकांना घराबाहेरच पडू दिलं नव्हतं.

“आवंदाबी ऱ्हाऊ दे घरातच,” पोपटरावांचे वडील तात्याबा म्हणाले. परवाना त्यांच्या नावावर होता, ऐंशीव्या वर्षीही गल्ल्यावर तेच बसत आणि पोपटरावांनी पन्नाशी ओलांडली तरी त्यांचा शब्द मोडला नव्हता. “मी हाय तवर कुलूप लागायचं न्हाई.”

“तात्या, घरात राहिल्या तर पुन्यांदा अर्ज करतील,” पोपटराव म्हणाले. “ वाईनची गोडी लागली की आपसूक उभीवर शिक्के मारतील. कायमची कटकट मिटंल.”

म्हातारा खूश झाला. पोरगं उशिरा का होईना धंद्यात मुरलं, असं त्याला वाटलं.

दर शनिवारी दुपारी मंडळ भरायचं. पोपटराव स्वतः घरोघर जायचे. “वहिनींना पाठवा, माझी जबाबदारी,” म्हणायचे. खुद्द दुकानवाल्याचाच शब्द, मग नवरे कशाला अडवतील? अध्यक्ष म्हणून त्यांनी पार्वतीबाईंनाच बसवलं. “त्या डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या,” असं वडिलांना सांगितलं. हौसरावांचं वाईनपुराण आटोपलं की पुरुष उठून जात आणि बायका दिवेलागणीपर्यंत बोलत बसत.

सगळ्यात जास्त खुलली ती पोपटरावांची बायको धुरपदा. वीस वर्षांत तिला कुणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. ज्या दुकानानं आपला संसार मोडला, त्या घरचं वाण कोण घेणार? आता त्याच बायका तिच्या मासवडीची कृती विचारत होत्या.

मतदानाच्या दिवशी पोपटरावांनी वस्त्यावस्त्यांवर जीपगाड्या पाठवल्या. शिरूरहून आलेल्या साहेबांनी एवढी रांग कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी निकाल लागला. एक हजार अठ्ठ्याण्णव बायकांपैकी सातशे बारा जणींनी बाटली आडवी केली होती. हलगी कडाडली. गुलालात न्हालेल्या पार्वतीबाई एकाच वेळी रडत होत्या आणि नाचत होत्या, आणि ज्या सुना कधी चारचौघांत मोठ्यानं बोलल्या नव्हत्या त्या चौकात फुगड्या घालत होत्या. पोपटरावांवर मात्र सारं गाव हसत होतं. स्वतःच्या पैशानं स्वतःची हार घरपोच आणणारा असा शहाणा तालुक्यात दुसरा नव्हता.

तात्याबांनी दुकानाला कुलूप लावलं. “तुझ्या अकलेनं धंदा बुडाला,” एवढंच म्हणाले. पोपटराव मान खाली घालून घराकडे निघाले.

घरी आल्यावर धुरपदानं त्यांना पाणी दिलं. पोपटरावांनी आधी दार लोटून घेतलं.

“नीट उमटला का तुझा शिक्का?”

“उमटला की,” धुरपदा म्हणाली. “तुम्ही सांगितलं व्हतं तिथंच. आडवीवर.”