खंडेनवमीची बास गिटार

गिटारवर चार तारा, दोन बटणं, तारांचा आवाज टिपणारा एक पिकअप आणि त्या पिकअपवर हळदकुंकवाची पाच ओली बोटं. खंडेनवमी म्हणून आईने शिवणयंत्रासोबत मनवाची बास गिटारही पुजली होती. आता अ‍ॅम्प चालू होता, पण गिटार मुकी.

“फुलानं जरासंच पाणी शिंपडलं गं,” आई दारातूनच म्हणाली.

दोन वर्षं शोधून ही जुनी गिटार मिळाली होती. असा पिकअप आता कुणी बनवत नव्हतं. मनवाने स्क्रू काढले. “मीटरवर दहाच्या आसपास आकडा आला तर पिकअप शाबूत. नुसता एक आला, तर आतली तार तुटली.”

“मग?”

“मग संपलं.”

मनवाने मीटरची टोकं पिकअपच्या वायरींना लावली, पण ती टिकेनात. आईने तिचं मनगट घट्ट धरलं.

आकडे पळाले, थांबले. दहा पूर्णांक चार.