नोकरी लागलेल्यांची यादी

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगचा मोटारींचा कारखाना बंद पडल्यावर वेस्ना सत्तेचाळिसाव्या वर्षी वेबसाइट बनवायला शिकली. बारा आठवड्यांचा कोर्स तिने पहिल्या पाचांत येऊन संपवला. त्यानंतर साठ ठिकाणी अर्ज केले आणि साठ नकार आले. तेव्हा एके दिवशी कोर्सचा संचालक जॅरड याने तिला बोलावून घेतलं.

“वेस, तुला नोकरी आहे.”

“थट्टा नको रे.”

“खरंच. इथेच, नव्या बॅचची मदतनीस म्हणून. तीन महिने. आमच्या जाहिरातीत नोकरी लागलेल्यांची यादी असते ना, तिच्यात तुझं नाव जाईल.”

“आणि तीन महिन्यांनी?”

“यादीतून नाव कुणी काढत नाही.”

वेस्नाने सही केली. सोमवारी तिला पहिलं काम मिळालं, चौकशीला येणाऱ्यांशी बोलायचं. समोर येऊन बसली ती ग्लेनिस. कारखान्यात दोघींनी पंधरा वर्षं शेजारी उभं राहून गाड्यांना दरवाजे बसवले होते.

“अगं बया, कॉम्प्युटरवाली झालीस की! नखांतलं ग्रीस गेलं वाटतं?” ग्लेनिस हसली. मग पर्समधून प्रवेशाचा अर्ज काढून तिने टेबलावर ठेवला. “कंपनीने बंद होताना हातावर ठेवलेले पैसे, होते नव्हते ते सगळे यात घालतेय. ह्या लोकांवर माझा विश्वास नाही, तुझ्यावर आहे. खरं सांग, हे शिकून नोकरी लागते का गं?”

“मला लागली ना,” वेस्ना म्हणाली आणि तिने पेन पुढे केलं.