उकळतं पाणी

दसऱ्याला पेठेतल्या इतिहास मंडळाने ठासणीच्या बंदुकीचा बार काढला. बंदूक हमीदभाईंच्या आजोबांनी घडवलेली. बार झाल्यावर हमीदभाई नळीत उकळतं पाणी ओतणार, तोच मंडळाचे अध्यक्ष अनिरुद्धराव ओरडले.

"अहो, लोखंडात पाणी? गंजेल ना!"

"साहेब, काळ्या दारूची काजळी पाण्यानेच धुतली जाते. तेल नंतर. नुसतं तेल लावलंत, तर ती काजळीच नळी खाईल."

"आम्हाला शिकवू नका. या आपण."

हमीदभाई गेले. नुसतं तेल लागलं. दिवाळीपर्यंत नळी आतून गंजून खडबडीत झाली.



मग मंडळाच्या फलकावर सूचना लागली : "रविवारी अध्यक्षांचे व्याख्यान. विषय : आमची तीनशे वर्षे जुनी बंदूक, गंजाच्या पुराव्यासह. प्रश्न विचारू नयेत."