गवंड्यांची सुट्टी

सकाळचे नऊ वाजले तरी जमीन गप्प होती.

रेमेदिओसने हेडफोन काढले, पुसले, पुन्हा कानांवर चढवले. ओताय नावाच्या वस्तीतल्या गोदामांमागे, सरहद्दीच्या कुंपणापासून शंभर पावलांवर जमिनीत आठ यंत्रं पुरलेली होती. चोरटे बोगदे शोधणाऱ्या बोगदा-पथकात त्यांना नुसतं 'कान' म्हणत. त्यातला पाचवा कान गेले अकरा दिवस, रविवार धरून, सकाळी सातला सुरू व्हायचा. ठक, ठक, जरा उसंत, पुन्हा ठक. खाली कोणीतरी खणतंय, असं रेमेदिओस कानीकपाळी ओरडत होती. पण पथकाचे प्रमुख हॉलवर्सन ऐकतील तर शपथ. त्यांचं एकच पालुपद: पलीकडच्या देशात, तिहुआना शहरात, कपडे धुण्याचा कारखाना आहे, त्याचा पंप वाजतो. एवढ्याशा ठकठकीसाठी ड्रिलची गाडी मागवली तर वरचे लोक हसतील.

आणि आज पाचवा कान मुका.

कुंपणापलीकडे फटाका वाजला. पाठोपाठ दुसरा, मग लांबवर कुठेतरी तिसरा. रेमेदिओसने कपाळावर हात मारून घेतला. तीन मे! सांता क्रूसचा दिवस, आणि गवंड्याची मुलगी असून ती विसरली होती. आज पलीकडे जिथे म्हणून बांधकाम आहे तिथे गवंडी फुलांचा क्रूस उभा करणार, फटाके उडवणार, मुकादमाच्या खर्चाने चापून जेवणार. थापीला, पहारीला कोणी हात लावणार नाही. पंपाला कसला आलाय सण? सण माणसांना असतो.

ती उठणार तेवढ्यात आईचा फोन आला, तिहुआनाहून. आईला सणाच्या दिवशी मुलीशी बोलल्याशिवाय चैन पडत नसे. धाकटा नाबोर महिन्याने घरी आलाय, आई सांगत होती. काम कुठे चाललंय ते सांगत नाही, मालक फोनही जवळ ठेवू देत नाही, पण आजची सुट्टी दिली म्हणे. नेहमीसारखी कागदाची फुलं तिने रात्रीच करून ठेवली होती, सगळी पिवळी आणि मधोमध एक लाल. लाल फूल तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाचं. नाबोर ती पहाटे घेऊन गेला, कामावर क्रूस उभा करून आला, आणि आता घोरतोय.

"अगं, आणि त्याचे बूट धुवायला घेतले तर टबभर पाणी गुलाबी," आई म्हणाली. "कुठल्या मेल्या मातीत उतरतो कोण जाणे."

गुलाबी? तसली माती इथे वर कुठेच नाही. ती सत्तर फूट खाली लागते, शाडूसारखी मऊ. ड्रिलच्या टोकाला चिकटून आलेली तिने कितीदा तरी बोटांनी खरवडली होती.

फोन ठेवून ती तशीच बसून राहिली. गप्प बसावं, तर बोगदा पुरा होणार, आणि पुरा झालेल्या बोगद्यातले खणणारे घरी परतत नाहीत, मालक त्यांना जिवंत ठेवत नाहीत, हे दोन्हीकडच्या पोरासोरांनाही ठाऊक. सांगावं, तर ड्रिल भावाच्या डोक्यावर. पण आज तर तो घरी होता. आज खाली कोणीच नव्हतं.

ती हॉलवर्सनसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. गवंड्यांचा सण समजावून सांगितला. साहेबांनी अकरा दिवसांच्या नोंदी पुन्हा चाळल्या, आजची कोरी रेघ पाहिली, आणि होकारार्थी मान हलवली. ड्रिलची गाडी उद्या मागवू, म्हणाले.

"उद्या नाही साहेब, आजच," रेमेदिओस म्हणाली. "उद्या पहिल्या फुटालाच त्यांना ड्रिल ऐकू जाईल. पळतील सगळे, आणि तुमच्या हाती नुसतं भोक राहील."

साहेबांना ते पटलं. तिचा जीव कशासाठी वरखाली होतोय, ते त्यांना कळायचं कारण नव्हतं.

दुपारी तीनला ड्रिल पोकळीत घुसलं. कॅमेरा खाली सोडला. पडद्यावर आधी अंधार, मग गुलाबी भिंत, ओळीने टेकवलेल्या पहारी. माणूस नाही. रेमेदिओसच्या जिवात जीव आला. कॅमेरा वळला. बोगद्याच्या टोकाला लाकडी क्रूस उभा होता. सगळी फुलं पिवळी, मधोमध एक लाल.

"शाब्बास, किहादा," साहेब तिच्या आडनावाने म्हणाले. आज प्रथमच हसत होते. "आता भोक झाकून टाका. ब्र काढायचा नाही. उद्या सातला सगळे आत उतरले की पलीकडच्या पोलिसांकरवी तोंड बंद करू. एकजण सुटता कामा नये."

पाणी प्यायला म्हणून ती बाहेर आली. गोदामाच्या सावलीत उभी राहिली. बाहेर एक शब्द गेला की नोकरी जाणार, वर तुरुंग. बारा वर्षांची नोकरी. तिने आईचा नंबर लावला.

"आई, नाबोर उठला की त्याला सांग, क्रूस छान झालाय. मधलं लाल फूल उठून दिसतंय."

 आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "तू कुठे पाहिलास गं?"

उत्तराची वाट आईने पाहिली नाही. फोनही ठेवला नाही. तो तसाच कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. रेमेदिओस कान देऊन ऐकत राहिली. घाईने फरफटत गेलेल्या चपला, करकरलेलं दार, आणि मग आईचा आवाज.

"नाबोर, ऊठ."