हातगुण

ग्राहक आयोगाबाहेरचा बाक भरलेला होता. घरतबाई पोटाला लावलेली पिशवी पदराखाली सावरत नवऱ्याला म्हणाल्या, "उठा हो, डॉक्टरांना बसू द्या."

सबनीस डॉक्टर अवघडून बसले. त्यांनी रोबोटने केलेल्या ऑपरेशनमध्ये बाईंच्या आतड्याला भोक पडलं, तेव्हापासून शौचाची ही पिशवी आणि या तारखा. हॉस्पिटल कंपनीकडे बोट दाखवत होतं, कंपनी डॉक्टरांकडे. "यंत्राचा हात आपोआप हलला, एवढंच म्हणा," त्यांचे वकील पुन्हा कुजबुजले. डॉक्टरांनी थकून मान डोलावली. एकदाचं संपू दे.

"तुमच्यावर राग नाही हो," बाई म्हणाल्या. "सासूबाईंचं पित्ताशय तुम्हीच काढलंत ना? हाताला गुण आहे तुमच्या. चूक त्या मशीनचीच असणार. यांना किती सांगितलं, तक्रारीत डॉक्टरांचं नाव घालू नका म्हणून."

पुकारा झाला.

"यंत्र आपोआप हललं होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

वकिलांनी डोळ्यांनी खुणावलं. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या वतीने घरतबाईच 'हो' म्हणून मान हलवत होत्या.

"नाही," ते म्हणाले. "माझा हात हलला, म्हणून ते हललं."