तीन अंड्यांचा केक

हेस्टर ब्रॅम्लीने तिसरं अंडं फोडलं. तीन अंडी म्हणजे तीन आठवडे. लढाईच्या चौथ्या वर्षी रेशनकार्डावर माणशी आठवड्याला एकच अंडं मिळे, तेही नशिबात असलं तर. एरवी डब्यातल्या पिवळ्या भुकटीला अंडं म्हणायचं आणि गप्प खायचं. हेस्टरने एकेक अंडं जपून ठेवलं होतं. तीन आठवडे बिनसाखरेचा चहा घशाखाली ढकलला होता आणि पाव कोरडाच खाल्ला होता.

आणि हे सगळं कुणासाठी? तर मिस्टर टॅटरसॉलसाठी.

"वेडी का खुळी तू?" शेजारची आयव्ही दारातूनच म्हणाली. "तो मेला अकरा महिने दर रविवारी येऊन हादडून जातो. एका शब्दाने तरी कधी बोललाय का?"

"बोलतो की. हवापाण्याबद्दल."

"हवापाणी! विधवेच्या घरी माणूस हवापाणी बोलायला येतो होय? फुकट जेवायला येतो, बाई. लिहून ठेव."

आयव्ही गेली, पण तिचं बोलणं हेस्टरच्या मनात सलत राहिलं. कारण तिलाही रात्रंदिवस तीच शंका होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि हा माणूस तिला आवडला होता. खोटं कशाला बोला, फार आवडला होता. पण तिने ठरवलं होतं. आज त्याच्यापुढे असा केक ठेवायचा की साऱ्या गल्लीत लढाई लागल्यापासून कुणी पाहिला नसेल. त्यावरही तोंड उघडलं नाही, तर पुढच्या रविवारी दार बंद. नुसत्या जेवणाऱ्याला जेवू घालायला तिची काही खानावळ नव्हती.

चारच्या ठोक्याला मिस्टर टॅटरसॉल आला. स्टेशनवर तिकिटं तपासायचा आणि कालव्यापलीकडे बहिणीच्या घरी राहायचा. लग्न केलेलं नव्हतं. त्याने खिशातून साखरेची पुडी काढली, मोहरीच्या जुन्या डबीत आणलेलं मार्गारिन, म्हणजे नकली लोणी, काढलं आणि दोन्ही टेबलावर ठेवलं. पाहुण्याने आपलं आपण घेऊन यायचं, यजमानाच्या वाट्याला हात लावायचा नाही, ही तेव्हाची रीतच होती.

"आज राहू द्या ते," हेस्टर म्हणाली.

आधी नेहमीचं झालं. गाजर-बटाटे आणि त्यावर भाजलेलं राखी कणकेचं झाकण. त्याने ते नेहमीसारखंच मुकाट्याने संपवलं, मध्ये मध्ये पाणी पीत. मग तिने केक आणला. पिवळाधमक, चांगला चार बोटं फुगलेला.

त्याने एक घास घेतला आणि तो थांबला. काटा खाली ठेवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"यात खरी अंडी आहेत."

"आहेत की!"

"किती?"

"तीन," ती अभिमानाने म्हणाली.

मिस्टर टॅटरसॉलने मान खाली घातली. "आणि तुमचं रेशनकार्ड एक."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"म्हणजे ग्रीनवुड." ग्रीनवुड म्हणजे ती ज्याच्याकडून मटण घेई तो खाटीक. "त्याच्या परसात बारा कोंबड्या आहेत. वर विधुर, वर मटणाचं दुकान. त्याच्यापुढे मी कोण हो? चालायचंच. सुखी राहा."

तो उठला. डोक्यावर टोपी चढवली, साखरेची पुडी परत खिशात घातली आणि दाराकडे निघाला.

"बसा खाली!" हेस्टर अशी कडाडली की तो खरंच बसला. "ग्रीनवुड गेला खड्ड्यात! ती माझ्या वाट्याची अंडी आहेत. तीन आठवडे मी एक अंडं तोंडात घातलं नाही. तुमच्यासाठी! अकरा महिने जेवायला येताय, म्हटलं एकदा तरी धड काही..." तिचे डोळे भरून आले. मग सगळी लाज गुंडाळून तिने विचारलं, "जेवायलाच येता ना तुम्ही? खरं काय ते सांगून टाका एकदाचं."

"जेवायला?"

मिस्टर टॅटरसॉलने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्याचे कान लाललाल झाले होते.

"मिसेस ब्रॅम्ली, माझ्या बहिणीकडे नऊ कोंबड्या आहेत आणि मागच्या गोठ्यात डुक्कर. घरी रोज सकाळी मी दोन अंडी खातो. आणि अकरा महिने दर रविवारी दोन मैल चालत येऊन, पाण्याच्या घोटाबरोबर तुमची ती गाजरं गिळतो. कशासाठी, ते आता तुम्हीच सांगा."